कोसा, क्रोशे आणि आपली अपुरी यादी
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील मनोगत)



आत्ता माझी ओळख 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' अशी करून दिली, त्यामुळे ही आता कॉम्प्युटरवर बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. पण मी एका पिशवीवर बोलणार आहे. पहिल्या रांगेपासून ती फिरवायला देते. हाताळून बघा, ओढून बघा, उसवणार नाही.

पिशवी क्रोशाने विणलेली आहे. लांबीला वीतभरही नाही, रंग मातकट पिवळा, आकार अंड्यासारखा. वर लांब देठ, देठाला कडी. झाकणावर चार पंखांचा पतंग. मागच्या बाकावरच्यांनी ओळखलं असेलच. हा आपला कोसा.

पुण्यात कोणी गाव विचारलं तर नुसतं सालेकसा सांगून भागत नाही. गोंदियाच्या पुढे, हावड्याच्या लाइनवर, दरेकसा-हाजरा फॉलच्या अलीकडे, एवढं सांगावं लागतं. ऑफिसातल्या मुली क्रोशाच्या छोट्या पर्स वापरतात. कोणाची मधमाशीची, कोणाची ठिपक्यांच्या लाल भुंग्याची. मला वाटलं, आपण आपल्याकडचा किडा विणावा. आणि आपल्याकडचा किडा म्हटला की गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या जंगलातला कोसाचा.

विणायला बसण्याआधी मी आपल्या वर्गातल्या एकाला फोन केला. त्यानेच 'माझं नाव घेऊ नको' म्हणून सांगितलंय, म्हणून घेत नाही. सातवीत तो आपल्यासोबत होता. पोळ्याच्या सुमाराला आठवडेच्या आठवडे शाळेत दिसायचा नाही. घरचे सगळे जंगलात कोसाचे किडे राखायला जायचे, त्यांच्याबरोबर तोही. हजेरीत गैरहजेरी लागायची. आठवीनंतर तो आलाच नाही.

मी विचारलं, "कोसा नेमका कसा असतो रे, सांग." तो अर्धा तास बोलला. त्यातलं थोडं तुम्हाला सांगते.

हा किडा तुतीवर नाही, ऐनावर वाढतो. आपण त्याला येन म्हणतो. अर्जुनाच्या झाडावरही वाढतो. तुतीचा किडा घरात टोपलीत पाळता येतो, हा उघड्या झाडावर राहतो. अळी हिरवीगार, पानात दिसत नाही. महिना-सव्वा महिना पानं खाते, चार वेळा कात टाकते. तेवढे दिवस पक्षी, मुंग्या, गांधीलमाश्या यांच्यापासून राखण करावी लागते. सकाळपासून गलोल घेऊन झाडाखाली. एका झाडाची पानं संपली की अळ्या फांदीसकट दुसऱ्या झाडावर न्यायच्या. पाऊस जास्त झाला की रोग येतो, मग मेहनत वाया.

शेवटी तो म्हणाला, "आणि देठ विसरू नको. अळी आधी फांदीला कडी घालते, देठ करते, मग कोसा बांधते. देठ पक्का नसला तर कोसा खाली पडते."

पिशवीचा पट्टा आणि कडी तिथून आली. पतंगाच्या पंखावरचे चार डोळेही त्यानेच सांगितले. खऱ्या पतंगाच्या पंखावर तिथे काचेसारखी खिडकी असते, पलीकडचं दिसतं. म्हणून मी प्रत्येक पंखात चार साखळ्यांची गोल कडी केली आणि तिचं पोट रिकामं ठेवलं. पिशवी उजेडात धरून बघा. आणखी एक गोष्ट मला नवी होती. या पतंगाला खायला तोंडच उपयोगाचं नसतं. अळी असताना जे खाल्लं त्यावर तो आठवडाभर जगतो, मादी अंडी घालते आणि संपलं.

आता विणकामाचं. कार्यानुभवाच्या तासाला बाईंनी आपल्याला साखळी, मुका खांब आणि खांब शिकवला. तेव्हा तो मुलींचा टाइमपास समजला जायचा. मुलं बाहेर क्रिकेट खेळायची. बाई, मी आज सगळ्यांसमोर सांगते, की प्रोग्रामिंगची माझी पहिली ओळख तुमच्या त्या तासाला झाली.

कशी ते सांगते. एका कडीत ६ मुके खांब घ्यायचे. पुढच्या फेरीत प्रत्येकात दोन, म्हणजे १२. मग १८, २४, ३०. दर फेरीला सहा वाढवले तर ताटलीसारखी सपाट चकती होते. सहापेक्षा कमी वाढवले तर वाटी होते. जास्त वाढवले तर झालर पडते. कॉर्नेल विद्यापीठातल्या डायना टायमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये हीच झालर हिशेबाने विणली आणि कागदावर समजायला कठीण जाणारी भूमिती विद्यार्थ्यांच्या हातात दिली.

कोशाचं टोक घुमटासारखं हवं, म्हणून मी एक फेरी वाढवायची, एक फेरी तशीच घ्यायची, असं ४८ टाक्यांपर्यंत नेलं. मग न वाढवता सरळ नळी. तोंडासाठी २० साखळ्या घालून खालचे २० टाके सोडले, पुढच्या फेरीत त्या साखळ्यांवरच विणलं, की आपोआप फट तयार. नंतर ज्या हिशेबाने वाढवलं त्याच हिशेबाने कमी केलं. सुती दोरा, अडीच मिलिमीटरची सुई. 'हे सहा वेळा करा, मग ते सहा वेळा करा' अशा सूचना मी रोज कॉम्प्युटरला देते. फरक एवढाच की कॉम्प्युटर टाका विसरत नाही आणि उसवायला कंटाळत नाही.

कोसाची अळीसुद्धा एकाच धाग्याने काम करते. डोकं इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत शेकडो मीटर धागा न तोडता आपल्याभोवती गुंडाळते. तोच धागा पुढे मोहाडी, आंधळगावच्या मागावर जातो आणि त्याची करवतकाठी साडी होते. साडी नेसणाऱ्याला विणकर माहीत असतो. झाडाखाली गलोल घेऊन बसलेलं पोर माहीत नसतं.

आता मूळ मुद्दा. त्या फोनच्या शेवटी मी त्याला विचारलं, "मेळाव्याला येशील ना?" तो म्हणाला, "मला कुठं बोलावलं?" मी यादी बघितली. ती दहावीच्या पटावरून केलेली आहे. करणाऱ्यांनी मनापासून केली आहे, फोन नंबर शोधून शोधून केली आहे, त्यांचे आभारच मानायला हवेत. पण आपण दहावी झालो तेव्हा सालेकसा भंडारा जिल्ह्यात होतं, गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला झाला. जिल्ह्याची हद्द बदलली तरी आपण आपल्या गावाला गावच म्हणतो. मग सातवीत, आठवीत शाळा सोडलेल्या मुलांना वर्गमित्र का म्हणायचं नाही?

कोणी कोसा राखायला गेलं, कोणी रोवण्याला, कोणी लहान भावंडं सांभाळायला. एखादीचं लग्न झालं. ती सगळी आपल्याच बाकावर बसलेली होती. मी ज्याच्याकडून हे सगळं शिकले त्याला आपल्या शाळेने 'माजी विद्यार्थी' म्हणायला हवं, एवढंच माझं म्हणणं आहे.

मुख्याध्यापकांना आणि मेळावा समितीला माझी विनंती आहे. पुढची यादी दाखलखारीज रजिस्टरवरून करू. त्यात दहावी झालेलेही असतील आणि मधेच गेलेलेही. त्या रजिस्टरवरून यादी टाइप करण्याचं काम मी घेते, तेवढं मला जमतं. नंबर मात्र तुम्हाला शोधावे लागतील, कारण गावात तुम्ही आहात.

दाराजवळच्या टेबलावर एक कोरी वही ठेवली आहे. जेवायला जाताना तिच्यात एक तरी असं नाव लिहा, जे आज इथे असायला हवं होतं. आडनाव आठवत नसेल तर नुसतं नाव आणि गाव लिहा. बाकीचं आपण शोधू.