पाटी वाचायला शिका

(मुळशी येथील विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या तालुक्यातील कितीतरी मुलेमुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी रोज पुण्याला जातात. पौडहून बस निघाली की चांदणी चौक येईपर्यंत अक्षरांची गर्दी सुरू होते. दुकानांच्या पाट्या, सदनिकांच्या जाहिराती, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स, ‘येथे वाहने उभी करू नयेत’ अशी ताकीद. हे सारे आपण पाहतो. पण वाचतो किती?

हा प्रश्न कोणाला क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याने तरी तो क्षुल्लक मानू नये. याच पुण्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. पुढे अस्पृश्य मुलामुलींसाठीही त्यांनी शाळा काढल्या. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. अक्षर हाती येताच तिने आपल्या लोकांवरील अन्यायाचा जाब विचारला!

शेजारच्या मावळात कार्ल्याचे लेणे आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तेथे दान देणाऱ्यांची आणि काम करणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत, प्राकृत या लोकभाषेत कोरली गेली. त्यांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, तसाच धेनुकाकटचा सामी नावाचा सुतारही आहे. शेठजी आणि सुतार, दोघांची नावे एकाच लेण्यात! आज हिंजवडीच्या उंच इमारतींवर कंपन्यांची नावे झळकतात. त्या बांधणाऱ्या गवंड्याचे, बिगाऱ्याचे नाव शोधूनही सापडत नाही. म्हणून पाटी वाचताना तिच्यावर कोणाचे नाव आहे, एवढेच पाहू नका. कोणाचे नाही, तेही पाहा.

मित्रांनो, एक फलक मात्र न वाचता कधीही पुढे जाऊ नका. तो म्हणजे सरकारी कार्यालयातील सूचना फलक. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे कार्यालयाने आपल्या सेवा, त्यांची मुदत, शुल्क, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील अधिकारी यांची माहिती फलकावर लावणे बंधनकारक आहे. बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळण्यासाठी १९९० साल उजाडावे लागले. एवढ्या प्रयत्नांनी मिळालेला हक्क केवळ जातीचा दाखला वेळेत हाती आला नाही म्हणून वाया जावा काय? जो फलक वाचतो, तो विचारतो, “साहेब, मुदत किती दिवसांची? अपील कोणाकडे?” जो वाचत नाही, तो दारातल्या मध्यस्थाच्या हातावर पैसे ठेवतो. फलकच नसेल, तर तो का नाही, हे लेखी विचारा.

शेवटी एक विनंती. रोज येताजाता एक पाटी वहीत उतरून घ्या. तिच्यातील न कळलेला शब्द गुरुजींना विचारा. आणि घरी ज्यांना शाळा मिळाली नाही, त्या आईला, आजीला ती अक्षरे लावून दाखवा. बसवरचे गावाचे नाव आजीला स्वतः वाचता आले, की तिला स्टँडवर कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही. एवढे जरी आपण केले, तरी आजचा मेळावा सार्थकी लागला असे मी समजेन.

जय भीम! नमो बुद्धाय!