छायाचित्रावरची शाई

छापील छायाचित्रावर पडलेली शाई नुसती कागदावर राहत नाही. बहुतेक वेळा ती चित्राच्याच थरात शिरते. विसाव्या शतकातला नेहमीचा कृष्णधवल फोटो घेतला, तर तळाशी कागद, त्यावर बेरियम सल्फेटचा पांढरा लेप आणि सर्वांत वर जिलेटिनचा पातळ थर असतो. दिसणारी प्रतिमा म्हणजे या जिलेटिनमध्ये अडकलेले चांदीचे सूक्ष्म कण. 1970च्या दशकात प्लास्टिकचा लेप दिलेला कागद रुळला. रंगीत फोटोत चांदीऐवजी निळसर, किरमिजी आणि पिवळ्या रंगद्रव्यांचे थर आले. डाग काढताना या थराला धक्का बसला, तर डागाबरोबर चेहराही जातो.

दिल्लीच्या करोल बागेत सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडून आलेली मराठी कुटुंबे आहेत, तशी फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेलीही आहेत. घर हलवलेल्या माणसांकडे पणजोबांचा एखादाच फोटो उरतो, आणि पुष्कळदा तो कुठल्याशा अर्जावरून सोडवलेला असतो. त्यावर रबरी शिक्क्याची जांभळी कड आणि साक्षांकनाची सही असते. असा शिक्का पुसण्याआधी क्षणभर थांबावे. तो कोणत्या कार्यालयाचा, कोणत्या सालचा, हे कळणे हा कुटुंबाच्या इतिहासाचाच भाग आहे. मागच्या बाजूला लिहिलेले नाव, तारीख किंवा स्टुडिओचा छाप तर कधीच पुसू नये.

शाई कोणती, यावर पुढचे सारे अवलंबून असते. फाउंटन पेनची शाई पाण्यातली असते. जिलेटिन पाणी शोषते, त्यामुळे ती आत मुरते. जुन्या निळ्या-काळ्या शाईत लोहाचे संयुग असते. ती आम्लधर्मी असल्याने कालांतराने कागदालाही खाते. या दोन्ही घरी निघत नाहीत. बॉलपेनची शाई घट्ट, तेलकट द्रावणातली असते आणि गुळगुळीत फोटोवर बराच काळ पृष्ठभागावर राहते. घरच्या प्रयत्नाला थोडाफार वाव असतो तो इथेच.

शाई नुकतीच सांडली असेल तर पुसू नये. टीपकागदाचे टोक अलगद टेकवून ती शोषून घ्यावी, दर वेळी कोरी बाजू वापरावी. वाळलेल्या डागाला हात लावण्यापूर्वी फोटोची रंगीत स्कॅन प्रत करून ठेवावी. मग पांढऱ्या कडेवर, भिंगाखाली चाचणी घ्यावी. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलसर केलेला कापसाचा लहान बोळा शाईवरून फिरवत न्यावा, घासू नये. तो डागाच्या बाहेरून आत न्यावा आणि निळा झाला की लगेच बदलावा. बोळ्यावर चित्राचा रंग किंवा काळपटपणा उतरला, तर काम तिथेच थांबवावे. औषधांच्या दुकानातले स्पिरिट किंवा सॅनिटायझर चालत नाही. त्यात बरेच पाणी असते, त्याने जिलेटिन फुगते. सॅनिटायझरमधले ग्लिसरीन चिकट थर ठेवते.

हाताने रंगवलेल्या फोटोंना हा अल्कोहोलचा उपाय वर्ज्य आहे, कारण गालांवरची लाली आणि लुगड्याचा रंग वरच बसलेला असतो. इंकजेट प्रिंटरवर काढलेल्या फोटोंचेही तसेच: तिथे चित्रच शाईचे असते.

घरगुती उपायांनी झालेले नुकसान डागाहून मोठे ठरते. ब्लीचने चांदीचे कण विरतात आणि जिलेटिन सुटते. हायड्रोजन पेरॉक्साइड चांदीला पिवळी पाडते. टूथपेस्ट बारीक ओरखडे आणते, लिंबाचे आम्ल कागदात राहते. ओले जिलेटिन उष्णतेने मऊ होते, म्हणून दिल्लीच्या मे-जूनमध्ये गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या तापलेल्या पाण्यात फोटो धुणे तर विनाशच.

मूळ फोटोला न शिवता डाग घालवण्याची वाट प्रकाशातून जाते, आणि बहुतेक घरांसाठी तीच योग्य आहे. कृष्णधवल फोटो मुद्दाम रंगीत स्कॅन करावा, निदान 600 डीपीआयवर, आणि टिफ स्वरूपात जपावा. अशा प्रतिमेत लाल, हिरवी आणि निळी अशा तीन वाहिन्या असतात. निळी शाई निळा प्रकाश परतवते, म्हणून फक्त निळी वाहिनी पाहिली की ती फिकी पडते आणि खालचा चेहरा वर येतो. लाल शाईसाठी लाल वाहिनी घ्यावी. जांभळ्या शिक्क्यासाठी दोन्ही पाहून जी स्वच्छ दिसेल ती निवडावी. उरलेले काम संगणकावर हाताने करता येते. ते फसले तरी मूळ फोटो तसाच राहतो.

एकुलत्या एका मौल्यवान फोटोसाठी मात्र संवर्धकाकडेच जावे. इन्टॅक ही 1984 साली स्थापन झालेली संस्था दिल्लीत संवर्धनाचे काम करते, आणि जनपथावरील राष्ट्रीय अभिलेखागारात कागदपत्रांच्या जतनाचे प्रशिक्षण दिले जाते. तिथवर नेताना फोटो दोन कोऱ्या, आम्लरहित कागदांत ठेवावा. पीव्हीसीच्या पिशवीत नको.

एका फोटोच्या पाठीवरची बॉलपेनची शाई खालच्या फोटोच्या चेहऱ्यावर उमटते, हे गठ्ठ्यात ठेवलेल्या फोटोंचे नेहमीचे दुखणे आहे. म्हणून नाव-तारीख मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेला लिहावी. प्लास्टिकचा लेप असलेल्या कागदावर पेन्सिल उमटत नाही. तिथे फोटो पाकिटात घालण्यापूर्वी मजकूर पाकिटावर लिहून घ्यावा.