विश्वाचें प्रसरण आणि आपली श्रद्धा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत पूर्वजांचे उपकार आठवावे, देऊळ उभारणाऱ्यांचीं नांवें आदरानें घ्यावीं, असा रिवाज आहे. आणि तें काम माझ्यापूर्वीं बोललेल्या वक्त्यांनीं उत्तम रीतीनें केलेंच आहे. मजकडे मंडळींनीं निराळा विषय सोंपविला. विश्वाचा आरंभ कसा झाला याविषयीं आजचें शास्त्र काय सांगतें, आणि तें ऐकून ख्रिस्ती माणसानें काय समजावें, हें सांगा, अशी त्यांची इच्छा. विषय मोठा आहे. परंतु तो आतां आपल्या उंबरठ्यावर येऊन बसला आहे. वसई-विरारच्या घराघरांतून मुलें-मुली विज्ञानाच्या व इंजिनियरिंगच्या महाविद्यालयांत जातात, आणि रात्रीं जेवतांना आईबापांस विचारतात, "जग खरोखर झालें तरी कसें?" कांहीं घरांत त्यांस गप्प बसविण्यांत येतें. कांहीं घरांत उलट मोठ्या अभिमानानें सांगण्यांत येतें कीं, महास्फोट झाला हें शास्त्रज्ञांनींच सिद्ध केलें, तेव्हां आपला धर्म खरा ठरला! मला आज असें म्हणावयाचें आहे कीं हीं दोन्ही उत्तरें धोक्याचीं आहेत. आणि दुसरें तर पहिल्याहून अधिक, कारण तें कानास गोड लागतें.

प्रथम इतिहास पाहूं. विश्व प्रसरण पावत आहे, म्हणजे दीर्घिका एकमेकींपासून दूर दूर जात आहेत, हें गणित व वेध यांची सांगड घालून प्रथम मांडणारा पुरुष एक कॅथोलिक धर्मगुरू होता, ही गोष्ट आपल्यांतील पुष्कळांस ठाऊक नसेल. त्यांचें नांव जॉर्ज लमेत्र. त्यांचा जन्म बेल्जियम देशांत १८९४ सालीं झाला. पहिल्या महायुद्धांत ते तोफखान्यांत होते. १९२३ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पुढें ते लूव्हेनच्या कॅथोलिक विद्यापीठांत प्राध्यापक झाले. १९२७ सालीं त्यांनीं आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं ब्रुसेल्स येथें आइनस्टाइन यांची व त्यांची गांठ पडली. आइनस्टाइन यांनीं गणित मान्य केलें, पण विश्व पसरत आहे ही गोष्ट त्यांस मुळींच रुचली नाहीं. दोन वर्षांनीं अमेरिकेंत एडविन हबल यांनीं दुर्बिणीच्या वेधांवरून दीर्घिकांचें अंतर व त्यांची गति यांचा संबंध दाखवून दिला. १९३१ सालीं लमेत्र आणखी एक पाऊल पुढें गेले. विश्व आज पसरत आहे, तर मागें मागें जातां तें अधिकाधिक दाट असलें पाहिजे. तेव्हां एके काळीं सर्व द्रव्य जणूं एका आदिम अणूंत सांठविलेलें होतें, असें त्यांनीं सुचविलें. प्रसरणाच्या नियमास हबल यांच्या जोडीनें लमेत्र यांचेंहि नांव द्यावें, अशी शिफारस जगांतील खगोलशास्त्रज्ञांच्या संघानें २०१८ सालीं मतदान करून केली.

ही कल्पना सर्वांनींच डोक्यावर घेतली असें मात्र नव्हे. केंब्रिजचे फ्रेड हॉईल व त्यांचे दोन सहकारी यांनीं १९४८ सालीं प्रतिपक्ष मांडला. विश्व पसरतें खरें, पण त्यास आरंभ नाहीं व अंतहि नाहीं; दीर्घिका दूर जातात तसतसें मोकळ्या जागेंत नवें द्रव्य थोडें थोडें निर्माण होतें, आणि एकूण चित्र सदा सारखेंच राहतें, असें त्यांचें म्हणणें. 'बिग बँग', म्हणजे महास्फोट, हा शब्दहि हॉईल यांनींच १९४९ सालीं रेडिओवरील भाषणांत वापरला. या हॉईल यांचे शिष्य व सहकारी म्हणजे आपल्या महाराष्ट्राचे डॉ. जयंत विष्णु नारळीकर. १९३८ सालीं कोल्हापुरांत जन्मलेले, १९८८ सालीं पुण्यास 'आयुका' ही संस्था उभी करणारे, व २०२५ च्या मे महिन्यांत पुण्यांतच निवर्तलेले नारळीकर अखेरपर्यंत महास्फोटाविषयीं साशंक राहिले. १९९३ सालीं हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनीं जुन्या कल्पनेस नवें रूप दिलें. बहुतेक शास्त्रज्ञांनीं तें स्वीकारलें नाहीं. तरी बहुमतास न भितां पुरावा मागत राहणें हा शास्त्राचाच धर्म आहे, आणि तो त्यांनीं पाळला.

मग बहुमत महास्फोटाकडे कां वळलें? पुराव्यामुळें. आपणां वसईकरांस त्या पुराव्याची जात ओळखावयास सोपी आहे. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसईचा किल्ला घेतला, तेव्हां येथील देवळांच्या घंटा मराठ्यांनीं घाटावर नेल्या. भीमाशंकरास व वाईजवळ मेणवलीस अशा घंटा आजहि टांगलेल्या आहेत. ती लढाई पाहिलेला कोणीहि हयात नाहीं. पण घंटेवरील ख्रिस्ती चिन्हें पाहून शहाणा मनुष्य म्हणेल, ही मूळची येथली नव्हे, हिच्यामागें कांहीं घडलेलें आहे. विश्वाचीहि अशी एक घंटा १९६४ सालीं अमेरिकेंत सांपडली. आर्नो पेंझियास व रॉबर्ट विल्सन हे दोघे एका मोठ्या रेडिओ-अँटिनावर काम करीत असतां, आकाशाच्या प्रत्येक दिशेकडून सारखाच येणारा मंद खरखराट त्यांस ऐकूं आला. तें विश्वाच्या तप्त बाल्यावस्थेंतील प्रकाशाचें आजचें थंडावलेलें रूप होय. विश्व सुमारे ३ लक्ष ८० हजार वर्षांचें असतां तो प्रकाश मोकळा झाला. आज त्याचें तपमान शून्याखालीं सुमारे २७० अंश आहे. जुन्या काळच्या दूरचित्रवाणी संचावर कार्यक्रम नसतांना जे पांढरे ठिपके नाचत, त्यांतहि त्याचा अल्प अंश असे. लमेत्र १९६६ च्या जूनमध्यें वारले. मृत्यूपूर्वीं थोडे दिवस या शोधाची वार्ता त्यांच्या कानीं पडली.

परंतु या पुराव्यानेंच एक नवें कोडें घातलें. आकाशाच्या पूर्व टोंकाचें तपमान आणि पश्चिम टोंकाचें तपमान जवळ जवळ तंतोतंत सारखें आहे. फरक लाखांत एक भाग. हीं दोन टोंकें एकमेकांपासून इतकीं दूर आहेत कीं, साध्या प्रसरणाच्या हिशेबानें त्यांच्यामध्यें प्रकाशालासुद्धां निरोप पोंचविण्यास वेळ मिळालेला नव्हता. अर्नाळ्याच्या एका चुलीवरील आणि लिस्बनच्या एका चुलीवरील पेज, कोणी कोणास न विचारतां, एकाच अंशावर तापलेली सांपडावी, तसें हें झालें. तेव्हां कोणी तरी म्हणेल कीं, हीं दोन्ही भांडीं पूर्वीं एकाच चुलीवर असलीं पाहिजेत.

हेंच उत्तर १९७९ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेंतील अॅलन गुथ या तरुण शास्त्रज्ञास सुचलें. तें १९८१ सालीं प्रसिद्ध झालें. रशियांत स्टारोबिन्स्की यांनींहि १९८० सालीं तशाच प्रकारचें गणित मांडलें होतें. गुथ यांनीं या घटनेस 'इन्फ्लेशन' हें नांव दिलें. बाजारांतील भाववाढीसहि इंग्रजींत हाच शब्द आहे. आपण त्यास विश्वाचा फुगवटा म्हणूं. कल्पना अशी कीं, अगदीं आरंभीं विश्वाचा एक अतिसूक्ष्म भाग, जो एकाच चुलीवर सारखा तापलेला होता, तो निमिषार्धांत दुप्पट, त्याच्या दुप्पट, पुन्हां दुप्पट असा सुमारे ९० वेळां वाढला. काल किती लागला? एका सेकंदाचे दहा भाग करावे, त्यांतील एकाचे पुन्हां दहा, असें तीसाहून अधिक वेळां करीत गेल्यावर जो अंश उरतो, तितका. दुपटीचें सामर्थ्य ध्यानांत यावें म्हणून भाताचा एक दाणा घ्या. त्याची लांबी ६ मिलिमीटर धरा. दहा दुपटींत ती ६ मीटर होते. वीस दुपटींत ६ किलोमीटर. तीस दुपटींत सुमारे ६,४०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येइतकी. आणि नव्वद दुपटींत ७० कोटि प्रकाशवर्षांहून अधिक! येथें द्रव्य अवकाशांतून धांवत नाहीं. अवकाश स्वतःच ताणला जातो, म्हणून प्रकाशाच्या वेगाचा नियम मोडत नाहीं. गंमत अशी कीं, ठराविक कालांत दुप्पट होणारें प्रसरण हें हॉईल व नारळीकर यांच्या स्थिर विश्वांतहि होतेंच. टाकून दिलेल्या घराचा दगड नव्या घरास लागावा, तसें शास्त्रांत घडतें.

या फुगवट्यांत द्रव्याचीं सूक्ष्म कंपनेंहि ताणलीं गेलीं. आणि त्यांपासूनच पुढें दीर्घिकांचीं बीजें पडलीं, असें मानतात. १९९२ सालीं 'कोबी' या उपग्रहानें त्या आदिप्रकाशांतील हे अत्यल्प चढउतार पाहिले. २००९ सालीं सोडलेल्या 'प्लांक' उपग्रहानें त्यांचें सूक्ष्म मोजमाप केलें. फुगवट्याच्या साध्या गणिताशीं तें चांगलें जुळतें, आणि त्यावरून विश्वाचें वय सुमारे १,३८० कोटि वर्षें ठरतें.

आतां मुख्य मुद्द्यास येऊं. फुगवटा खरा मानला, तर आपण ज्यास तप्त महास्फोट म्हणतों तो अगदीं पहिला क्षण राहत नाहीं. तो फुगवटा संपल्यानंतरचा प्रसंग ठरतो. १९८२ सालीं गुथ यांच्या गणितांतील दोष दूर करणारे आंद्रेई लिंडे तर पुढें असें प्रतिपादूं लागले कीं, फुगवटा एका ठिकाणीं थांबतो व दुसरीकडे चालूच राहतो, आणि आपलें विश्व हें अनेकांपैकीं एक असावें. मग ज्या घरांत "महास्फोट म्हणजेच देवाचें कर्तृत्व" असें मुलास शिकविलें, त्या घरांतील मुलगा हें वाचून उद्यां काय म्हणेल? "बाबा, महास्फोटापूर्वींहि कांहीं होतें म्हणतात, मग देव कोठें गेला?" श्रद्धेच्या भिंतीस एखाद्या सिद्धांताचा टेकू दिला, कीं टेकू हलतांच भिंतहि हलल्यासारखी वाटते. दोष भिंतीचा नसतो. टेकू देणाऱ्याचा असतो.

हा धोका सर्वांत आधीं कोणीं ओळखला? लमेत्र यांनींच. १९५१ सालच्या २२ नोव्हेंबरास पोप १२ वे पायस यांनीं विज्ञान-अकादमीपुढें भाषण केलें. सृष्टीच्या पहिल्या प्रकाशाची साक्षच जणूं आधुनिक विज्ञानानें दिली आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांत होते. अन्य कोणास आपल्या सिद्धांताचा असा गौरव पाहून धन्य वाटलें असतें. लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत हा भौतिकशास्त्राचा आहे. तो उद्यां चुकीचाहि ठरूं शकेल. त्यावर धर्माचा शिक्का मारणें धर्मास व शास्त्रास दोघांसहि हितकर नाहीं, असें त्यांचें मत होतें. पुढच्याच वर्षीं रोम येथें जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांसमोर पोपसाहेब बोलले, तेव्हां त्यांनीं तो दावा पुन्हां केला नाहीं. आणि लमेत्र पुढें १९६० पासून अखेरपर्यंत त्याच अकादमीचे अध्यक्ष होते. परमगुरूंविषयीं निष्ठा आणि सत्याविषयीं निष्ठा या दोन गोष्टी एकाच धर्मगुरूच्या अंगीं कशा नांदतात, याचें हें उदाहरण आम्हां सर्व धर्मगुरूंनीं गिरविण्याजोगें आहे.

कोणी विचारील, मग निर्मिति म्हणजे काय? याचें उत्तर संत थॉमस अक्विनास यांनीं तेराव्या शतकांतच देऊन ठेविलें आहे. जगास कालांत आरंभ आहे हें केवळ बुद्धीनें सिद्ध करतां येत नाहीं, तें आपण श्रद्धेनें मानतों, असें त्यांनीं स्पष्ट लिहिलें. निर्मिति ही केवळ फार पूर्वीं घडून गेलेली घटना नव्हे. प्रत्येक वस्तु या क्षणीं जी आहे, ती परमेश्वराच्या आधारावर आहे, हा निर्मितीचा अर्थ. आपल्या गांवचें बावखल घ्या. त्यांत पाणी प्रथम केव्हां आलें हा एक प्रश्न आहे, आणि मे महिन्यांतहि तें ज्या झऱ्यावर उभें असतें तो झरा कोणता हा दुसरा प्रश्न आहे. शास्त्र पहिल्या प्रश्नाच्या मागें लागलें आहे. त्यानें खुशाल लागावें. पाण्याची तारीख शंभर वेळां बदलली, म्हणून झरा आटत नाहीं.

आणि ही तारीख ठरविणारे लोक किती सावध असतात, तेंहि मुलांस सांगा. २०१४ सालच्या मार्चमध्यें दक्षिण ध्रुवावरील 'बायसेप' दुर्बिणीच्या शास्त्रज्ञांनीं फुगवट्याच्या वेळच्या गुरुत्वलहरींची खूण सांपडल्याचें जाहीर केलें. जगभर आनंद झाला. वर्षाच्या आंत, 'प्लांक'च्या मोजमापाशीं ताडून पाहतां, ती खूण मुख्यतः आपल्याच आकाशगंगेंतील धुळीची ठरली; आणि हें त्या शास्त्रज्ञांनीं स्वतःच 'प्लांक'च्या मंडळींसह प्रसिद्ध केलें. त्या लहरी अद्यापि सांपडलेल्या नाहींत. फुगवट्याची कल्पना घडविणाऱ्यांपैकीं पॉल स्टाइनहार्ट हे तर तिचे कठोर टीकाकार झाले आहेत. म्हणून फुगवटा हा आज पुष्कळ अंशीं पुराव्याशीं जुळणारा, पण शेवटचा शिक्का न बसलेला सिद्धांत आहे, इतकेंच म्हणणें न्याय्य होईल. त्यास खोटा म्हणूं नका. त्याचा जयजयकारहि करूं नका.

तेव्हां आईबापांस माझी विनंति अशी कीं, मुलगा प्रश्न विचारील तेव्हां त्यास गप्प करूं नका. "हें मला ठाऊक नाहीं, तूं शिकून मला सांग," असें म्हणण्यांत बापाचा मान जात नाहीं. धर्मशिक्षण देणाऱ्या बंधुभगिनींनीं वर्तमानपत्रांतील शोधांवर धर्माचे पाठ उभारूं नयेत. आणि तरुणांनो, तुम्हीं लमेत्रहि वाचा आणि नारळीकरहि वाचा. एक श्रद्धावान धर्मगुरू, दुसरा महास्फोटास हरकत घेणारा. पण पुराव्यापुढें दोघेहि विद्यार्थीच होते.

विश्वाचें सारें आयुष्य एका वर्षांत बसविलें, तर ख्रिस्तजन्मापासूनचा काल साडेचार सेकंदांचा, आणि आपल्या धर्मग्रामाचीं हीं पन्नास वर्षें सेकंदाच्या दहाव्या भागाएवढीं भरतील. एवढ्याशा कालांत येथें किती बाप्तिस्मे झाले, किती लग्नें लागलीं, किती जणांस आपण दफनभूमीपर्यंत पोंचविलें! परमेश्वराच्या दृष्टीनें लहान कालहि लहान नसतो. त्याच्या कृपेनें पुढील पन्नास वर्षांत या धर्मग्रामांतून चांगले शेतकरी, चांगल्या शिक्षिका, चांगले धर्मगुरू निघोत, आणि एखादा चांगला खगोलशास्त्रज्ञहि निघो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.