दुखणं मोजलं, तेव्हा दिसलं
(नागझिरा जंगलालगतच्या एका गावातील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



मोहफुलं वेचताना, तेंदूपानांची पुडकी बांधताना, रोवणीत वाकताना आपली बोटं दुखतात. घरी सांगितलं तर उत्तर ठरलेलं : 'वात आहे, वय झालं.' तिशीतल्या बाईलाही हेच ऐकवतात! डॉक्टर म्हणून मला हे रोज दिसतं. म्हणून आज एका संशोधनाबद्दल बोलते.

दवाखान्यातल्या रांगेवरून खेड्याचं दुखणं कळत नाही. जिच्याकडे पैसा नाही, सवड नाही, ती बाई रांगेत पोचतच नाही. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा स्वतःच गावात गेले. १९९६ साली त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघरी पाहणी सुरू केली. चार हजारांवर प्रौढांना विचारलं. १०० जणांत सुमारे १८ जणांना सांध्या-स्नायूंचं दुखणं निघालं, आणि साधारण २०० जणांत एकाला आमवात. हा आमवात पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीने जास्त होतो.

आमवात म्हणजे सांध्यांची झीज नव्हे. रोगजंतूंशी लढणारी आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावर उलटते. ही सूज भडकवण्यात टीएनएफ नावाच्या प्रथिनाचा मोठा हात असतो. लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी १९९२ साली लंडनमध्ये ते अडवणारं औषध रुग्णांना दिलं आणि सूज उतरली. ती इंजेक्शनं महाग आहेत. पण मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या स्वस्त आहेत. मात्र त्या आठवड्यातून एकदाच घ्यायच्या. रोज घेतल्या तर जिवावर बेतू शकतं. गरोदरपणात त्या चालत नाहीत, आणि मधूनमधून रक्त तपासावं लागतं. म्हणून डॉक्टरांशिवाय घेऊ नका. बाजारातल्या बिननावाच्या पुड्याही नकोत. त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं.

सकाळी तासभर बोटं आखडतात? दोन्ही हातांचे सांधे सुजतात? सहा आठवडे झाले तरी उतरत नाही? मग थांबू नका. उपचार लवकर सुरू झाले तर बोटं वाकडी होण्यापासून वाचतात.

भिगवणचं दुखणं दिसलं, कारण कुणी तरी दारात जाऊन विचारलं. आपल्या दारात कोण येणार, याची वाट कशाला पाहायची? प्रत्येक गटाने आपल्या गावात घरोघर जाऊन विचारावं, वहीत लिहावं आणि ती वही घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं. एकटीचं कण्हणं घरातच विरतं. पन्नास जणींची यादी टेबलावर ठेवली की उत्तर द्यावंच लागतं.