गोधडीला दोरा कुठला, टाका कसा?

आज माझ्या आवाजामागे अधूनमधून खसफस ऐकू येईल. मांडीवर एक गोधडी आहे आणि बोलता बोलता माझा हात तिच्यावरून फिरतोय. आमच्या सातारकडच्या गावात हिला वाकळ म्हणतात. पुण्यात येऊन मीही गोधडी म्हणायला लागले, आत्या अजून त्यावरून टोमणा मारते.

तर ही वाकळ आजीची. आजी गेली तेव्हा ती अर्धवट होती. थर मांडून, कच्चे टाके घालून ठेवलेली, पक्की शिवण मात्र एका बाजूचे पाचसहा फेर एवढीच. ट्रंकेत पडून होती. आत्या म्हणाली, "तू ने गं, तुला हौस आहे." मी आणली आणि दोन महिन्यांत पुरी केली. फोटो काढले, सगळ्यांना पाठवले. दोनदा धुतली. दुसऱ्यांदा दोरीवरून काढताना बघते तर काय, माझ्या टाक्यांच्या ओळीला धरून साडी चिरलेली. एक नाही, तीन ठिकाणी. आणि आजीचे ते पाचसहा फेर? जसेच्या तसे. त्यातला दोरा दोन जागी तुटला होता, पण कापडाला धक्का नाही.

मी आत्याला फोन केला, जवळजवळ रडतच. ती म्हणाली, "दोरा कुठला घातलास?" मी म्हटलं, "चांगला मजबूत घातला, पॉलिएस्टरचा, तुटणारच नाही असा." ती म्हणाली, "मग दुसरं काय तुटणार बाई?"

बघा, ही साधी गोष्ट मला सुचली नव्हती. गोधडी अंगाखाली ताणली जाते, धुताना पाणी पिऊन जड होते, पिळली जाते. तो ताण कुठेतरी जाणारच. दोरा कापडापेक्षा कच्चा असेल तर दोरा तुटतो, नवा टाका घातला की झालं. दोरा जास्त पक्का असेल तर कापड फाटतं, आणि आजीची साडी काही दुकानात मिळत नाही.

आता पॉलिएस्टर दोरा वाईटच असतो, असं मी म्हणणार नाही. नवं कोरं, घट्ट विणीचं कापड असेल तर तो वर्षानुवर्षं चालतो. पण तीस वर्षं नेसून विरलेल्या सुती साडीला सुती दोराच घ्या. माझ्या बाबतीत चूक एकट्या दोऱ्याचीही नव्हती. मी टाके ओढून घट्ट केले होते आणि दोन ओळींत तीन-तीन इंच अंतर सोडलं होतं, लवकर व्हावी म्हणून. म्हणजे सगळा भार थोड्याच टाक्यांवर, आणि तेही बारीक, कडक दोऱ्याचे.

मग कुठला दोरा? शिलाई मशीनचं साधं सुती रीळ असतं ना, ते दुपदरी करून आजीने वापरलं होतं. मी आता भरतकामाच्या सुती दोऱ्याची लडी घेते. त्या दोऱ्यात सहा पदर असतात. ते सुटे करून तीन ओवायचे. (दोऱ्यालाही पदर आणि साडीलाही पदर, छान आहे नाही?) हा दोरा मऊ आणि जरा जाड असतो, त्यामुळे टाका कापडात रुतत नाही, वर बसतो. हातभर लांबीचाच तुकडा ओवा. लांब घेतला तर गुंता होतो, आणि कापडातून पुन्हा पुन्हा ओढून दोऱ्याचे तंतू निघतात. गाठ बाहेर ठेवू नका, हलका झटका देऊन थरांच्या आत सरकवा.

गडद लाल किंवा निळा दोरा घेतलात तर आधी ओल्या पांढऱ्या चिंधीवर घासून बघा. रंग लागला तर तो दोरा परत डब्यात. आणि टाके वाकडेतिकडे येत असतील तर कापडाच्या रंगाचाच दोरा घ्या, निम्मी वाकडी लपते.

दोरा किती लागेल, हा हिशोब कुणी सांगत नाही, म्हणून मीच मांडते. चार फूट बाय सहा फूट गोधडी धरा. ओळींमध्ये बोटभर अंतर, म्हणजे साधारण २ सेंटिमीटर. तर ६० ओळी, प्रत्येक १८० सेंटिमीटरची: १०८ मीटर. टाका खालीवर होताना आणि गाठींना लागणारा धरून १३० मीटर. ८ मीटरच्या लडीतून तीन पदरांनी १६ मीटर शिवण होते. म्हणजे आठ-नऊ लड्या. सगळ्या एकदम घ्या, नंतर तोच रंग थोडा वेगळा निघतो.

आता नक्षीकडे येऊ. नक्षी म्हटलं की आपण दिसण्याचा विचार करतो, पण आधी विचारायचं की आत काय आहे. नऊवारी म्हणजे साधारण ८ मीटर, तिचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे केले की चार थर झाले. आजीने तेच केलं होतं, वर-खाली दुसरी साडी. जुन्या साड्यांचे थर एकमेकांवर सरकतात आणि प्रत्येक थर नाजूक असतो, म्हणून दाट ओळी हव्यात. सगळे मिळून भार उचलतात. याउलट बाजारातली तयार कापसाची गादी आत घालणार असाल, तर टाक्यांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते पाकिटावर लिहिलेलं असतं. ते पाळा, नाहीतर आत गोळे होतात.

विरलेल्या कापडावर तिरक्या ओळी नकोत. कापड तिरकं ओढलं की वाढतं, आणि मग झोळ पडतो. उभ्या-आडव्या ओळी किंवा चौकोनी फेर उत्तम. फेर म्हणजे कडेने सुरू करून गोल गोल आत मध्यापर्यंत यायचं. कर्नाटकात उत्तर कन्नड भागातल्या सिद्दी बायका त्यांच्या कवंद अशाच कडेकडून आत शिवत नेतात आणि कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुलं बसवतात. हात बसलेला असेल तर ही पद्धत फार सुंदर दिसते. नवशिक्यांचं मात्र होतं असं की थोडं थोडं कापड आत ढकललं जातं आणि शेवटी मध्यभागी फुगवटा उभा राहतो. त्यावर उपाय म्हणजे आधी कच्चे टाके. गोधडी फरशीवर पसरा, कडांवर पाटा, डबे, जे जड मिळेल ते ठेवा, आणि मधून बाहेरच्या दिशेने वीतभर अंतरावर टाचून घ्या. कंटाळवाणं काम आहे. मी तेवढ्यापुरती गाणी लावते. पण हे केलं की मग फेर कुठूनही सुरू करा.

ठिगळं जोडलेली गोधडी असेल तर जोडाच्या शिवणीवरून टाका नेऊ नका, तिथे कापड दुमडून जाड झालेलं असतं, सुई अडते. पाव इंच बाजूने न्या. टाके किती बारीक? सहा थरांतून इंचाला चार आले तरी पुष्कळ. एकसारखे आले पाहिजेत. परदेशी व्हिडिओ बघून इंचाला दहाच्या मागे लागलात तर बोटं सोलून निघतील. अंगुस्तान घालाच.

आणि ओढू नका. टाका घातला की कापड तळहाताने सपाट करा. तळहाताला दोरा टोचल्यासारखा लागला तर तो घट्ट आहे.

माझ्या वाकळेचं काय झालं? मी माझे सगळे टाके उसवले. आजीचे ठेवले, तुटलेल्या दोन जागा फक्त जोडल्या. चिरांवर आत्याने पाठवलेल्या जुन्या सुती साडीची ठिगळं लावली, मऊ, आधीच शंभरदा धुतलेली. नवं कापड तिथे घातलं असतं तर धुतल्यावर ते आटलं असतं आणि बाजूचं ओढलं गेलं असतं. आता आजीच्या शेवटच्या फेरापासून बोटभर अंतर ठेवत आत येतेय. रोज रात्री अर्धा तास. एका जागी तिचा फेर जरा वाकडा गेलाय, मी माझाही तसाच वाकडा नेला.

मधले अजून अकरा फेर बाकी आहेत. आत्या दिवाळीला येईल तेव्हा बघेल, आणि काहीतरी बोलेलच. ते पुढच्या भागात सांगते.