माथेरानचे बंगले आणि आपण



आपण कर्जत-खालापूरची माणसे माथेरानकडे रोज खालून पाहतो; म्हणूनच की काय, त्याचा विचार फारसा करीत नाही. तेथील जुन्या बंगल्यांच्या वसाहतीविषयी आज चार शब्द बोलावे म्हणतो.

मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम आपल्या चौक गावी होता. तेथून ते डोंगर चढले आणि माथेरानचा ‘शोध’ लागला, असे पुस्तके सांगतात. हा शब्द मला खटकतो. त्या रानात धनगर, ठाकूर, कातकरी वावरत होतेच. वाटा त्यांच्याच पायांनी पडल्या होत्या. साहेबाला लागला तो थंड हवेचा शोध! पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी त्या जागेला उत्तेजन दिले. इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि मुंबईच्या धनिकांनी तेथे ऐसपैस व्हरांड्यांचे बंगले बांधले. १९०७ मध्ये सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने नेरळहून दोन फुटी रुळांची आगगाडी वर नेली.

आता तेथली नावे पाहा : लुईझा, शार्लोट, अलेक्झांडर, हार्ट. ज्यांनी दगड, पाणी, पेट्या वाहिल्या, पालख्यांना खांदा दिला, त्यांचे नाव कोठे आहे?

तर मग ही गुलामगिरीची खूण पुसून टाकावी काय? मला तसे वाटत नाही. याच माथेरानात १९१२ साली एका गरीब नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. १९४२ च्या लढ्यात त्यांनी आझाद दस्ता उभारला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह देह ठेवला. बंगले गेले, तर भाई कोतवाल कोणत्या सत्तेच्या सावलीत वाढले आणि कोणाविरुद्ध उठले, हे मुलांना दाखवायचे कसे?

परंतु जुने ते सारेच जपण्याजोगे नसते. बंगले जपावेत, झाडी जपावी, वाहनबंदी जपावी. २००३ मध्ये केंद्र शासनाने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला, तो याचसाठी. हातरिक्षा मात्र त्याच वारशातली. माणसाने माणसाला ओढावे, ही रीत सहा महिन्यांत थांबवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला आणि रिक्षा ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा भार शासनावर टाकला. हे पुनर्वसन खरोखर होते की नाही, याकडे डोळे लावून बसणे हे आपले, पायथ्याच्या लोकांचे काम आहे; कारण ओझी वाहणारे हात आपल्याच वाड्यापाड्यांतले आहेत.

बंगल्याची भिंत राखली आणि माणूस वाऱ्यावर सोडला, तर आपण वारसा नव्हे, साहेबाची सवय राखली असे होईल. ते होऊ नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.