कॅल्शियमची पहिली बाटली



पशुवैद्यकांच्या सभेत अध्यक्षाने पशुधनाच्या अर्थकारणावर बोलावं असा रिवाज आहे. ते आधीच्या वक्त्यांनी मांडलंच. मी नोंदणीनंतरच्या पहिल्या वर्षाबद्दल बोलतो. मघाशी चहाच्या वेळी यंदाच पदवी घेतलेल्या एका मुलीने मला विचारलं, "सर, पहिलीच केस बिघडली तर?"

माझी बिघडता बिघडता राहिली. नोंदणीचं प्रमाणपत्र मिळून तीन आठवडे झाले होते. रात्री साडेअकराला वस्तीवरून निरोप आला. आदल्या दिवशी व्यायलेली संकरित गाय मान कुशीत घालून बसलेली, कान गार, काही केल्या उठेना. पुस्तकातला दूधज्वर जसाच्या तसा समोर! मी मानेच्या शिरेत सुई घातली आणि कॅल्शियमची बाटली उंच धरली. सोबतचे पशुधन पर्यवेक्षक माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी हळूच माझं मनगट खाली ओढलं. "साहेब, छातीला नळी लावा. ठोके ऐकत ऐकत द्या."

कॅल्शियम भरकन गेलं तर हृदय बंद पडतं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. गुणही मिळाले होते. थोड्या वेळाने गाय थरथरली, ढेकर आली, शेण टाकलं आणि धडपडत उभी राहिली. मालकाने चहा मला दिला, पर्यवेक्षकांना नाही. मी तो मुकाट्याने प्यायलो. आजही तो घोट आठवला की ओशाळायला होतं.

1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याचं कलम 30 सांगतं की हा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करावा. पर्यवेक्षकांसारख्या पदविकाधारकांनी शासनाने ठरवलेल्या किरकोळ सेवा त्याच्या देखरेखीखाली द्याव्यात. कायदा योग्यच आहे. भोंदू उपचारांनी दगावलेली जनावरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण त्या रात्री देखरेख कोण कोणावर करत होतं?

पदवीच्या साडेपाच वर्षांतलं शेवटचं वर्ष आंतरवासितेचं, ते असं हाताने शिकण्यासाठीच. पण एका गाईभोवती दहा जण उभे असले, तर हात आत घालायला मिळतो एकालाच. बाकीचे वहीत टिपून घेतात. अडलेल्या वासराची मागे वळलेली मान वहीत सापडत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. नव्या पशुवैद्यकाला पहिले सहा महिने एकट्याला दवाखाना देऊ नका. जुन्या हाताशेजारी बसवा. रुजू होण्याआधी त्याची रेबीजची प्रतिबंधक लस झालेली असू द्या. अडकलेली वार काढताना खांद्यापर्यंतचे हातमोजे मिळू द्या. त्यातून लागणारा ब्रुसेल्लाचा ताप अंगावर काढलेले चार-पाच जण या सभागृहातही निघतील. आणि खासगी व्यवसायात उतरणाऱ्यांना तर ना पर्यवेक्षक, ना वरिष्ठ. त्यांची काळजी जास्त.

शासन करील तेव्हा करील. बाहेर नोंदणीच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्येष्ठांनी आपला तालुका आणि फोन नंबर त्यात लिहून जावं. पहिला नंबर माझा आहे. मुलांनो, रात्री दोनलाही करा. फक्त गाईचं तापमान आधी बघून ठेवा. मी पहिलं तेच विचारणार.